पुणतांब्याच्या चितळकर अण्णांनी हिंदी सिनेमाला जॅझ, रुम्बा आणि रॉक अँड रोलवर नाचायला लावलं

बारामती असो, इंदापूर असो, नाहीतर भिगवण. लग्नाची वरात निघते, बँडवाला ट्रम्पेट तोंडाला लावतो आणि 'भोली सूरत दिल के खोटे'ची धून सुरू होते. मग ज्याला आयुष्यात कधी नाचता आलं नाही, तो मामासुद्धा एक हात कपाळाला, एक हात कमरेला लावून डुलायला लागतो.

आता यातली गंमत बघा. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही युरोपातली वाद्यं. आपल्याकडे ती रुजली इंग्रजांच्या लष्करी बँडमुळे. पण त्यावर वाजणारी ही चाल एका मराठी माणसाची आहे. तो डुलणारा नाचही एका मराठी माणसाचा, म्हणजे भगवानदादांचा.

चाल बांधणारे ते मराठी गृहस्थ म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. सिनेमाच्या पाट्यांवर त्यांचं नाव यायचं सी. रामचंद्र. सी म्हणजे चितळकर. जवळचे लोक म्हणायचे अण्णा.

पाश्चात्त्य संगीत म्हटलं की आपल्याला आर. डी. बर्मन आठवतात, ए. आर. रहमान आठवतात. पण त्यांच्या कितीतरी आधी जॅझ, स्विंग, रुम्बा आणि रॉक अँड रोल हे सगळे प्रकार हिंदी सिनेमात लोकप्रिय करणाऱ्यांमध्ये अण्णांचं नाव अगदी पुढे आहे. आणि ते शिकले होते गांधर्व महाविद्यालयात, शुद्ध हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत.

हे जमलं कसं, त्याचीच ही गोष्ट.

पुणतांबा ते पुणे

बारामतीहून दौंडला जायचं, तिथून मनमाडच्या दिशेची गाडी पकडायची, की वाटेत पुणतांबा लागतं. गोदावरीकाठचं गाव. चांगदेवांची समाधी इथलीच. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. याच गावात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र चितळकरांचा जन्म झाला.

गाण्याची ओढ लहानपणापासून. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांचं शिक्षण झालं. विनायकबुवा हे पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. म्हणजे घराणं ग्वाल्हेरचं, शिस्त कडक आणि पाया पक्का.

पण पोराला व्हायचं होतं सिनेमातला हिरो. १९३० च्या दशकात पडद्यावर दिसणाऱ्याला गाताही यायला लागायचं, त्यामुळे गाणाऱ्या तरुणाला संधी मिळायची. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद'मध्ये त्यांना मुख्य भूमिका मिळाली. सिनेमा काही चालला नाही.

मग ते सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मुव्हीटोनमध्ये गेले. 'सैद-ए-हवस' आणि 'आत्मतरंग' या सिनेमांत छोटी कामं केली. हिरो व्हायचं स्वप्न मागे पडलं, पण पेटी उत्तम वाजवता यायची. मिनर्व्हाचे संगीतकार बिंदू खान आणि हबीब खान यांना ते पेटीवर साथ करू लागले. गाणं सिनेमासाठी कसं कापायचं, कुठे वाढवायचं आणि कुठे थांबवायचं, हे ते तिथे शिकले.

संगीतकार म्हणून पहिली संधी आली तीही तमिळ सिनेमातून. १९४० च्या सुमारास 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' हे दोन तमिळ सिनेमे त्यांनी केले. मग १९४२ मध्ये मास्टर भगवान यांचा 'सुखी जीवन' आला आणि हिंदीचं दार उघडलं. भगवान पालव आणि राम चितळकर ही जोडी इथे जमली. पुढे तिने धुमाकूळ घातला, पण त्याला अजून नऊ वर्षं होती.

आधी एक गोष्ट समजून घेऊ

पाश्चात्त्य संगीत आपल्यापेक्षा वेगळं का वाटतं?

आपल्या शास्त्रीय संगीतात गायक एका वेळी एकच सुरावट घेऊन चालतो. मागे तानपुरा असतो, सोबत तबला असतो, पण मुख्य रेघ एकच. राग फुलवायचा तो तिथल्या तिथे, मनाने. लिहून ठेवलेलं फारसं काही नसतं.

युरोपातल्या शास्त्रीय संगीताने दुसरी वाट धरली. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन यांच्या संगीतात एकाच वेळी तीन-चार वेगळे सूर एकमेकांत बसवून वाजवले जातात. एकत्र वाजणाऱ्या अशा सुरांच्या जुडग्याला कॉर्ड म्हणतात आणि त्यांच्या मेळाला हार्मनी. पन्नास-साठ माणसांनी एकत्र वाजवायचं तर प्रत्येकाने काय आणि कधी वाजवायचं हे कागदावर लिहावंच लागतं. पाच रेघांवर ठिपके काढून लिहिलेल्या त्या लिपीला स्टाफ नोटेशन म्हणतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय कलाकारांनी याच वाद्यांवर आपली लय चढवली. त्यातून जॅझ आला. १९३० च्या दशकात मोठे बँड त्यावर लोकांना नाचवू लागले, तो स्विंग. क्यूबातून रुम्बा आला. १९५० च्या दशकात गिटार आणि ड्रम पुढे सरकले आणि रॉक अँड रोल आला.

स्विंगचा राजा म्हटला जायचा तो बेनी गुडमन. तो क्लॅरिनेट वाजवायचा. रात्री लोकांना नाचवणारा हा माणूस मोझार्टची क्लॅरिनेटची रचनाही तितक्याच तयारीने वाजवायचा. अण्णा याच बेनी गुडमनच्या संगीताने भारावून गेले होते. शास्त्रीय आणि लोकप्रिय या दोन शत्रुराष्ट्रांच्या सीमा नाहीत, हे दाखवणारा माणूस त्यांना आवडावा यात नवल नाही.

मुंबईत जॅझ वाजवणारी गोव्याची माणसं

जॅझ मुंबईत आला तो ताजमहाल हॉटेलमधून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय कलाकार आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. त्यानंतर टेडी वेदरफोर्डसारखे पियानिस्ट इथे रमले. त्यांच्यासोबत, आणि पुढे त्यांच्या जागी, वाजवायला लागले ते गोव्याचे वादक.

गोव्याचेच का?

कारण पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथे पोरांना प्रार्थनेसाठी गाणं, व्हायोलिन आणि नोटेशन वाचणं शिकवलं जायचं. उद्देश धार्मिक होता, पण त्यातून तयार झाले ते कागद समोर ठेवला की बिनचूक वाजवणारे वादक. गोव्यात त्यांच्यासाठी पुरेसं काम नव्हतं. मग ते मुंबईला आले आणि पोलीस बँड, हॉटेल, क्लब अशा ठिकाणी वाजवू लागले. तिथून सिनेमाच्या स्टुडिओत.

स्टुडिओत काम असं चालायचं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. गोवेकर अरेंजर ती नोटेशनमध्ये लिहून घ्यायचा, तिच्याखाली कॉर्ड भरायचा, व्हायोलिन काय वाजवतील, ट्रम्पेट कुठे घुसेल, कडव्यांच्या मधल्या जागेत काय येईल हे ठरवायचा. रेकॉर्डच्या तबकडीवर नाव यायचं संगीतकाराचं आणि गायकाचं. बाकीचे तीस-चाळीस जण दिवसाचे पैसे घेऊन घरी जायचे.

अण्णांच्या गाण्यांमागे असे दोन महत्त्वाचे गोवेकर होते. एक जॉनी गोम्स. दुसरा चिक चॉकलेट. चिकचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशमधलं आल्दोना, जन्म १९१६ चा. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री ताजमध्ये बँड आणि दिवसा अण्णांचं रेकॉर्डिंग.

पुणतांब्याचा मराठी माणूस आणि आल्दोन्याचा कोकणी माणूस. एकाकडे चालीचा खजिना, दुसऱ्याकडे कॉर्डचा. हिंदी सिनेमाचा नवा आवाज यांच्या भेटीतून तयार झाला.

सिनेमाचं नाव 'शहनाई', गाणं मात्र वेस्टर्न

१९४७ साली फिल्मिस्तानचा 'शहनाई' आला. पी. एल. संतोषी दिग्दर्शक आणि गीतकार. सिनेमाचं नाव सनईवरून, पण गाजलं ते 'आना मेरी जान संडे के संडे' हे फटाकडी वेस्टर्न गाणं. मीना कपूर आणि शमशाद बेगम यांच्यासोबत त्यात स्वतः अण्णाही गायले. देश स्वतंत्र होत होता आणि लोक गुणगुणत होते ते रविवारी भेटायला बोलावणारं गाणं.

१९४९ च्या 'पतंगा'मध्ये 'मेरे पिया गये रंगून' आलं. टेलिफोनवरचं गाणं. एका टोकाला शमशाद बेगम, दुसऱ्या टोकाला चितळकर.

१९५० च्या 'समाधी'त 'गोरे गोरे ओ बाँके छोरे' आलं. लॅटिन अमेरिकन ठेक्याचं गाणं, लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजातलं. आजही शाळेच्या गॅदरिंगला त्यावर मुली नाचतात. त्याची चाल मूळची 'चिको चिको' या गाण्याची. कारमेन मिरांडाने ते १९४५ च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडपटात गायलं होतं.

म्हणजे कॉपी केली का? हो, काही गाण्यांत सरळ उचलेगिरी होती. ते झाकायचं कारण नाही. पण पुढच्याच वर्षी जे आलं ते उचललेलं नव्हतं.

अलबेला

भगवान पालव म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा. मारामारीचे कमी खर्चाचे सिनेमे काढणारा माणूस. १९५१ मध्ये त्यांनी गीता बालीला सोबत घेऊन 'अलबेला' काढला, संगीत जुन्या दोस्ताचं.

'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र आले. चिक चॉकलेट आणि त्याचा बँड तर सिनेमात पडद्यावरच दिसला. एरवी भिंतीआड बसणाऱ्या वादकांना प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं, असा तो दुर्मीळ प्रसंग.

पण त्याच सिनेमात 'धीरे से आजा री अँखियन में' ही अंगाईही आहे. ती पिलूवर बेतलेली. एकाच अल्बममध्ये क्लबमधला धिंगाणा आणि आजीच्या मांडीवरची अंगाई, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आलेलं.

'भोली सूरत' गायलं स्वतः अण्णांनी, लतादीदींसोबत. गायक म्हणून नाव लावायचे ते फक्त चितळकर. त्यामुळे गाणारे चितळकर आणि चाल देणारे सी. रामचंद्र हे दोन वेगळे लोक आहेत, असं वाटणारे आजही भेटतात.

'अलबेला' तुफान चालला. भगवानदादांचा तो साधा, लटपटता नाच गणपतीच्या मिरवणुकीत शिरला आणि तिथून गावोगावच्या वरातीत.

क्लबमधून थेट बागेश्रीत

इथवर वाचून वाटेल की अण्णा म्हणजे फक्त धांगडधिंगा. तसं अजिबात नाही.

१९५३ मध्ये 'अनारकली' आला. 'ये जिंदगी उसी की है' हे गाणं भीमपलासवर, 'जाग दर्द-ए-इश्क जाग' बागेश्रीवर. विनायकबुवांच्या वर्गात घोटलेले राग इथे कामाला आले. लता मंगेशकरांच्या सगळ्यात सुंदर गाण्यांची यादी करायची तर अण्णांची गाणी टाळून पुढे जाता येत नाही.

१९५५ च्या 'आझाद'चा किस्सा तर प्रसिद्ध आहे. दिलीपकुमार आणि मीनाकुमारी यांचा सिनेमा. निर्मात्यांना गाणी महिनाभरात हवी होती. असं सांगतात की नौशाद यांच्याकडे विचारणा झाली, पण एवढ्या घाईत काम करायला ते तयार झाले नाहीत. अण्णांनी हो म्हटलं आणि गाणी करून दिली. त्यात 'अपलम चपलम'ही आहे आणि बागेश्रीतलं 'राधा ना बोले'ही. १९५९ च्या व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'मधलं 'आधा है चंद्रमा' मालकंसावरचं.

अण्णांचं वेगळेपण इथेच कळतं. ज्याला चाल बांधता येत नाही तो वाद्यांच्या गोंगाटामागे लपतो. अण्णांना लपायची गरज नव्हती. ट्रम्पेट काढून टाकला, बोंगो काढून टाकला, नुसती पेटी ठेवली, तरी त्यांची चाल उभी राहते. म्हणूनच वरातीतला बँडवाला शब्दांशिवाय ती वाजवतो आणि ती लगेच ओळखू येते.

इना मिना डिका

१९५५ मध्ये बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' जगभर गाजलं. तरुण पोरं थिएटरात खुर्च्यांवर चढून नाचू लागली. दोनच वर्षांत अण्णांनी त्याला हिंदीत उत्तर दिलं. सिनेमा 'आशा', साल १९५७, दिग्दर्शक एम. व्ही. रामन, पडद्यावर किशोरकुमार आणि वैजयंतीमाला.

हे गाणं कसं सुचलं याचा किस्सा सांगितला जातो. संगीताच्या खोलीबाहेर मुलं खेळत होती आणि राज्य कुणावर हे ठरवण्यासाठी इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. आपल्याकडे अडकम तडकम म्हणतात तसं. तेच पकडून 'इना मिना डिका' तयार झालं. शब्द पुरेनात तेव्हा जॉनी गोम्स यांनी कोकणीतले 'माका नाका' हे शब्द त्यात टाकले. माका नाका म्हणजे मला नको.

म्हणजे अमेरिकन रॉक अँड रोलचा ठेका, इंग्रज पोरांचं बडबडगीत, गोव्याची कोकणी, मराठी संगीतकार आणि बंगाली गायक. अर्थ काहीच नाही. तरी सत्तर वर्षं होत आली, लहान मूलसुद्धा हे गाणं म्हणतं. आशा भोसले यांच्या आवाजातही त्याची एक आवृत्ती आहे. ती शोधून नक्की ऐका.

उतार

सगळं चांगलं चालू असताना गाडी घसरली कुठे?

एक तर अण्णांनी पैसा लावला निर्मितीत. न्यू साई प्रॉडक्शन्स नावाची कंपनी काढली. 'झांझर', 'लहरें', 'दुनिया गोल है' हे सिनेमे काढले. ते काही चालले नाहीत.

दुसरं म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीस लता मंगेशकरांशी दुरावा आला. ज्या आवाजाभोवती त्यांच्या उत्तम चाली बांधल्या गेल्या, तोच आवाज दूर गेला.

तिसरं कारण जास्त कडू आहे. त्यांनी जो रस्ता पाडला, त्यावर आता गर्दी झाली होती. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे मोठे ऑर्केस्ट्रा होते, तेच गोवेकर अरेंजर आणि वादक होते. जे कधीकाळी फक्त अण्णांकडे मिळायचं, ते आता सगळीकडे मिळू लागलं.

याच काळात १९६२ चं चीन युद्ध झालं. कवी प्रदीप यांनी 'ऐ मेरे वतन के लोगों' लिहिलं, चाल अण्णांनी दिली. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी ते गायलं. दुरावा त्या गाण्यापुरता का होईना, बाजूला पडला. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. चाल कुणाची, हे मात्र प्रत्येक २६ जानेवारीला विसरलं जातं.

हिंदीतलं काम कमी होत गेलं तसे अण्णा मराठीकडे वळले. १९७० च्या 'घरकुल'मध्ये त्यांनी पुन्हा आपला जुना खेळ मांडला. एकीकडे सुरेश भटांचं 'मलमली तारुण्य माझे', आशा भोसले यांच्या आवाजात. दुसरीकडे गदिमांचं 'पप्पा सांगा कुणाचे', जे आजही प्रत्येक घरात लहान मुलांना शिकवलं जातं. आणि तिसरीकडे 'हाऊस ऑफ बांबू', १९५० च्या दशकाच्या अखेरीस गाजलेल्या इंग्रजी गाण्यावर बेतलेलं, थेट मराठी सिनेमात.

१९७७ मध्ये त्यांचं 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं. त्यातल्या काही मजकुरावरून वादही झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

मग श्रेय कुणाचं?

चिक चॉकलेट त्याआधीच, १९६७ मध्ये गेला होता. त्याची ट्रम्पेट कोट्यवधी लोकांनी ऐकली, नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक. अँथनी गोन्साल्विस हे आणखी एक गोवेकर. त्यांनी १९५८ मध्ये भारतीय राग पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रावर वाजवण्याचा प्रयोग मुंबईत केला. आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. प्यारेलालजींमुळे त्यांचं नाव 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात आलं, म्हणून ते तरी आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांच्या वाट्याला तेही आलं नाही.

अण्णांच्या बाबतीत दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, त्यांनी परदेशी चाली चोरल्या. दुसरं म्हणतं, त्यांनी एकट्याने हिंदी संगीत बदललं. दोन्ही अर्धवट आहेत. काही चाली उसन्या होत्या, हे खरं. एकट्याने केलं नाही, हेही खरं. पण गोव्याच्या वादकांकडे कॉर्ड असताना आणि हॉटेलात जॅझ वाजत असताना, ते संगीत ताजच्या पायऱ्या उतरून गावाकडच्या तंबूतल्या टॉकीजपर्यंत आणणारा कुणीतरी लागतो. ज्याला बेनी गुडमनही कळतो आणि बागेश्रीही. ज्याला माहीत असतं की इंदापूरच्या माणसाला रुम्बा म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही, चाल गोड असली की त्याचे पाय आपोआप हलतात.

ते काम पुणतांब्याच्या चितळकरांनी केलं.

आज रात्री वेळ मिळाला तर तीन गाणी ओळीने ऐका. 'शोला जो भडके', 'जाग दर्द-ए-इश्क जाग' आणि 'ऐ मेरे वतन के लोगों'. तिन्हीचा संगीतकार एकच आहे, हे शेजारी बसलेल्याला सांगा आणि त्याचा चेहरा बघा.